काढा आणि घड्याळ

आपल्या परिसरातील काही वनस्पती खोकल्यावर गुणकारी आहेत. त्यांचा उपयोग कसा करावा आणि दवाखान्यात केव्हा जावे, हे या पाठात सांगितले आहे.

मुलांनो, पावसाळा सरतो, पहाटे गारवा जाणवू लागतो आणि वर्गात एकामागून एक खोकल्याचे आवाज सुरू होतात. घरी गेल्यावर दादी म्हणते, "बेटा, जोशांदा पी. बरं वाटेल." शेजारच्या आजी म्हणतात, "बाळ, काढा घे." तुम्हांला वाटते, ही दोन वेगळी औषधे आहेत. पण तसे नाही. 'जोश' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ उकळी. 'काढा' हा शब्द संस्कृतमधील 'क्वाथ' या शब्दापासून आला. त्याचाही अर्थ उकळणे असाच आहे. वनस्पती पाण्यात उकळायची आणि तिचा अर्क प्यायचा, ही दोन्हींची रीत एकच!

वैद्य आणि हकीम यांची औषधेही पुष्कळदा एकच असतात. वैद्यांचे ज्येष्ठमध म्हणजे तुमची मुलेठी. जोशांद्यात घालतात ते सपिस्तान म्हणजे मराठीतले भोकर. दिल्लीचे हकीम अजमल खान यांनी तर आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही शास्त्रांचे शिक्षण एकाच महाविद्यालयात सुरू केले. त्या महाविद्यालयाचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले.

आता आधी खोकला म्हणजे काय ते पाहू. आपण नाकाने हवा आत घेतो. ती श्वासनलिकेतून फुप्फुसांत जाते. या नलिकेला आतून चिकट द्रवाचा पातळ थर असतो. धूळ आणि जंतू त्याला चिकटतात. नलिकेतील अतिशय बारीक केसांसारखे तंतू हा द्रव वर घशाकडे ढकलत राहतात. सर्दीच्या विषाणूंमुळे नलिकेला सूज आली, की हा द्रव वाढतो आणि घट्ट होतो. त्यालाच आपण कफ म्हणतो. तो बाहेर टाकण्यासाठी शरीर जोराने हवा बाहेर फेकते. तोच खोकला. म्हणजे खोकला हा आपल्या श्वासनलिकेचा पहारेकरी आहे. तो आवाज करतो म्हणून त्याचे तोंड बंद करायचे नसते. त्याचे काम सोपे करायचे असते. वनस्पतींचा उपयोग होतो तो इथेच.

या वनस्पतींमध्ये पहिला मान अडुळशाचा. उर्दूत त्याला अडूसा म्हणतात. शेताच्या कुंपणाला, रस्त्याच्या कडेला हे झुडूप तुम्ही पाहिले असेल. पाने लांबट, टोकदार आणि हिरवीगार. फुले पांढरी. फूल जवळून पाहिले, तर जबडा उघडलेल्या सिंहाचे तोंड आठवते. म्हणून संस्कृतमध्ये त्याचे एक नाव 'सिंहास्य' असे आहे. पाने इतकी कडू, की शेळीसुद्धा त्यांना सहसा तोंड लावत नाही. पण या कडू पानांतच गुण आहे. त्यांत 'व्हॅसिसिन' नावाचे द्रव्य असते. पुढे शास्त्रज्ञांनी या द्रव्याच्या आधारे 'ब्रोमहेक्सिन' हे कफ पातळ करणारे औषध तयार केले. आज औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या खोकल्याच्या कितीतरी औषधांत ते असते. कुंपणावरचे झुडूप असे बाटलीत जाऊन बसले!

दुसरी तुळस. अनेक घरांच्या अंगणात ती असतेच. फालुद्यात ज्याचे बी घालतात तो सब्जा तिचाच भाऊबंद. तिसरे आले. ते तिखट असते आणि घशाला ऊब देते. चौथे ज्येष्ठमध. हे एका झुडपाचे गोड मूळ आहे. त्याची काडी चघळली, की घशाची खवखव कमी होते. आणि या सर्वांच्या सोबतीला मध. मधाचा लेप घशावर बसतो आणि रात्रीचा कोरडा खोकला थोडा शांत होतो.

घरचा साधा काढा असा करतात. दोन कप पाणी घ्या. त्यात तुळशीची आठ-दहा पाने धुऊन टाका. आल्याचा लहान तुकडा ठेचून घाला. बोटाच्या पेराएवढी ज्येष्ठमधाची काडी घाला. पाणी निम्मे होईपर्यंत मंद आचेवर उकळू द्या. मग गाळून घ्या. कोमट झाल्यावर चमचाभर मध घाला आणि घोट घोट प्या. चूल किंवा शेगडीजवळचे काम मात्र मोठ्या माणसांनाच करू द्या.

काढा वनस्पतींचा आहे, म्हणून तो कोणी, कितीही प्यावा असे समजू नका. ज्या पानात रोग हटवण्याची शक्ती आहे, त्यात अपाय करण्याचीही शक्ती असू शकते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच चाटवू नये. मधात कधी कधी असे जंतू असतात, की ते मोठ्यांना बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततात. गरोदर स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये. त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. ज्येष्ठमध फार दिवस आणि फार प्रमाणात घेतले, तर रक्तदाब वाढतो. म्हणून दादाजींना रक्तदाबाचा विकार असेल, तर त्यांच्यासाठी काढ्यात ज्येष्ठमध घालू नका. आणि ओळख नसलेल्या झाडाची पाने तर कधीच तोडून खाऊ नका.

आता घड्याळाकडे वळू. तुम्ही म्हणाल, काढ्याचा आणि घड्याळाचा काय संबंध? ऐका.

समजा, घरात तुमचा दोन वर्षांचा भाऊ खोकतो आहे. अंगात ताप आहे. अम्मी म्हणते, "दोन दिवस काढा देऊन पाहू." अशा वेळी तुम्ही एक काम करा. तो रडत नसताना, शांत पडलेला असताना त्याचा सदरा वर करा. सेकंदकाटा असलेले घड्याळ हातात घ्या. त्याची छाती किंवा पोट एका मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा अधिक भरले, तर तो साधा खोकला नसावा. फुप्फुसांना सूज आलेली असू शकते. त्याला न्यूमोनिया म्हणतात. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळासाठी हा आकडा ५० आहे. दोन महिन्यांहून लहान बाळासाठी तो ६० आहे. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध-पाणी पीत नसेल, तर श्वास मोजतही बसू नका. काढ्याचे भांडे खाली ठेवा आणि त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या. अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो.

मोठ्या माणसांच्या खोकल्यासाठी घड्याळ नको, दिनदर्शिका हवी. सर्दीनंतर श्वासनलिकेला सूज आली, तर खोकला काही दिवस रेंगाळतो आणि बहुधा आपोआप बरा होतो. पण खोकला दोन आठवड्यांहून अधिक दिवस राहिला, तर बेडक्याची तपासणी करून घ्यायलाच हवी. तो क्षयरोग असू शकतो. सोबत बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे ही लक्षणे असतील, तर मुळीच वेळ लावू नये. बेडक्यात रक्त दिसले, तर दोन आठवडे थांबायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधले आणि २४ मार्च १८८२ रोजी हा शोध जाहीर केला. आज या रोगावर खात्रीचे औषध आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. मात्र औषध डॉक्टर सांगतील तितके महिने, एकही दिवस न चुकवता घ्यावे लागते. कोणत्याही काढ्याने क्षयरोग बरा होत नाही. काढ्यावर विसंबून राहणारा माणूस स्वतःचे नुकसान करतोच. त्याच्या खोकल्यातून उडणारे जंतू घरातल्या इतरांनाही धरतात.

आणखी एक गोष्ट. चुलीचा धूर, विडीचा धूर, यंत्रमागाच्या खोलीत उडणारी कापसाची धूळ, यांनीही खोकला जडतो. अब्बा रोज धूळ छातीत घेत असतील आणि रात्री जोशांदा पीत असतील, तर खोकला कसा जाईल? तोंडाला चांगला मास्क हवा. खोलीला खिडकी हवी. विडी तर सुटायलाच हवी.

मुलांनो, दादीचा जोशांदा आणि आजींचा काढा हा आपला मोलाचा वारसा आहे. तो जपा. अंगणात किंवा गच्चीवरच्या कुंडीत तुळस आणि गवती चहा लावा. काढा पिताना दादीला विचारा, तिने तो कोणाकडून शिकला. आणि पुढच्या वेळी घरातले लहान मूल खोकू लागले, की काढ्याचे पाणी उकळत ठेवतानाच भिंतीवरचे घड्याळही खाली काढा.

शब्दार्थ

सरणे – संपणे
गुणकारी – फायदा करणारा
बेडका – खोकल्याबरोबर बाहेर पडणारा कफ
खवखव – घशात टोचल्यासारखे होणे
अपाय – नुकसान
विसंबणे – भरवसा ठेवून राहणे
दिनदर्शिका – कॅलेंडर

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'जोश' आणि 'क्वाथ' या शब्दांचा समान अर्थ कोणता?
(आ) अडुळशाला 'सिंहास्य' का म्हणतात?
(इ) एक वर्षाच्या आतील बाळाला मध का देऊ नये?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने खोकल्याला पहारेकरी का म्हटले आहे?
(आ) मोठ्या माणसाने बेडक्याची तपासणी केव्हा करून घ्यावी?

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
जिवावर बेतणे, तोंड न लावणे, वेळ न लावणे.

४. उपक्रम : घरातील शांत झोपलेल्या लहान मुलाचे एका मिनिटातील श्वास मोजा आणि वहीत नोंदवा. खोकल्यावरील घरगुती वनस्पतींची मराठी व उर्दू नावे आजी-आजोबांना विचारून तक्ता तयार करा.