रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर जगताना

हृदयाच्या आजारासाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली, की दवाखान्यापेक्षा जास्त सल्ले शेजारीपाजारी आणि नातेवाइकांकडून मिळतात. पालेभाजी बंद कर, विळी हातात घेऊ नकोस, एकटीने प्रवास नको. मला ते सगळे मिळाले. आजारापेक्षा त्यांनीच माझं जगणं आक्रसून टाकलं होतं.

लहानपणच्या सांधेतापाने माझी मायट्रल झडप आकुंचली आणि पुढे ठोक्यांचा ताल बिघडला. डॉक्टर त्याला एएफ म्हणतात. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. हे टाळण्यासाठी मला असेनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी आहे.

एकदा दाढ काढायची होती. दातांच्या दवाखान्यातून निरोप आला, "रक्ताची गोळी आठवडाभर बंद ठेवा, मग या." हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, असं कुणी म्हणालं नाही. दाढ निघाली, रक्तही फारसं गेलं नाही. दोन दिवसांनी सकाळी चहाची बशी उचलली आणि ती बोटांतून निसटली. खाली वाकून तुकडे गोळा करायला गेले, तर उजवा हात वळेना. यजमानांना हाक मारली, पण तोंडातून शब्द वेडेवाकडे आले. त्यांनी वेळ न घालवता रिक्षा बोलावली. नशिबाने तासाभरात हात आणि वाचा दोन्ही परतली. असा झटका आपोआप ओसरला तरी तो पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असतो. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यांतलं काहीही दिसलं तर "बघू थोडा वेळ" म्हणू नका.

नंतर मला कळलं, की एखादा दात काढायला ही गोळी बहुतेक वेळा बंद करावी लागतच नाही. आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासतात. तो मर्यादेत असेल, तर टाका घालून आणि कापसाचा बोळा दाबून रक्त थांबवता येतं.

माझा आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. तीनच्या बराच वर गेला तर रक्तस्रावाची भीती, दोनच्या खाली आला तर गुठळीची. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करतं, म्हणून मी अळू-मेथी पार सोडली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं, भाजी सोडायची नाही, तिचं प्रमाण सारखं ठेवायचं. एक आठवडा रोज मेथी आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही, असं केलं की आयएनआर हेलकावे खातो. त्या श्रावणात मी पुन्हा अळूचं फदफदं केलं, अंगणातल्याच पानांचं. ते खाताना डोळे भरून आले.

खरा जपायचा प्रसंग औषधाच्या दुकानात येतो. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मागून घेऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. जुलाबावर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल आयएनआर वाढवतं. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर वरून बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना गाठा.

नव्या गोळ्यांबद्दल पुष्कळजण विचारतात. डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबान, अपिक्सॅबान यांना आयएनआरची कटकट नाही, भाजीचं पथ्य नाही. एएफच्या बऱ्याच रुग्णांना त्या चालतात. पण धातूची कृत्रिम झडप असलेल्यांना त्या देत नाहीत. सांधेतापाने झडप आकुंचलेल्यांसाठी जुनीच गोळी सरस असल्याचं २०२२ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं. तेव्हा शेजारणीची गोळी पाहून आपली बदलू नये. नव्या गोळीचा असर लवकर उतरतो, त्यामुळे तिचा डोस चुकवणं जास्त महागात पडतं.

मी आता विळीवर भाजी चिरते, एकटी एसटीने माहेरी जाते. पर्समध्ये गोळीचं नाव, डोस आणि शेवटचा आयएनआर लिहिलेलं कार्ड असतं. तुम्हीही असं कार्ड करा आणि प्रत्येक डॉक्टरला, दंतवैद्याला, औषध दुकानदाराला न विचारता दाखवा. आणि कुणीही गोळी बंद करायला सांगितली, तर ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांना आधी फोन करा.