आपले दिवस कोणाच्या कामी आले?



आयुष्य ही आपली कमाई नव्हे, परमेश्वराने दिलेली देणगी आहे. स्तोत्र ९० मध्ये भक्त आपले दिवस मोजण्याची शिकवण मागतो. किती दिवस उरले यासाठी नव्हे, तर मिळालेला दिवस शहाणपणाने वापरता यावा यासाठी.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवा. तरुणपणी ते जपानमध्ये राहिले, तिथली भाषा शिकले, व्यापारही केला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९३ साली मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून जपानला परतले. पूर्वी शिकलेली भाषा आता सुवार्तेच्या कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह ते क्रुसावर रक्तसाक्षी झाले. वय सुमारे चाळीस! पण देवाला दिलेले एकही वर्ष वाया गेले नाही.

घाटकोपर स्टेशनच्या धावपळीत आपण म्हणतो, ‘सेवा निवृत्तीनंतर करू.’ त्या दिवसाची हमी कोणाला आहे? जे आज येते, ते आजच द्या. हिशेबात हुशार असलेल्याने शेजारच्या मुलाला गणित शिकवावे. ज्याला काहीच येत नाही असे वाटते, त्याने अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी अर्धा तास बसावे.

चिंतनासाठी: या आठवड्यातला कोणता तास मी प्रभूला परत देणार?

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू