हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलावा का?

प्रश्न : आमचा स्थानिक फुटबॉल क्लब सलग हरतोय. प्रशिक्षक आत्ताच बदलावा का?
– एक वाचक, चंडीगड

उत्तर : घाई नको. तुमच्या शेजारच्या मोहालीचा पंजाब एफसी पाहा. 2023-24 मध्ये, इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) त्यांच्या पहिल्याच हंगामात, पहिला विजय मिळायला डिसेंबर उजाडला. तरी प्रशिक्षक स्टायकोस व्हर्जेटिस यांना क्लबने हलवलं नाही. 12 संघांत क्लब आठवा आला. उलट त्याच हंगामात मोहन बागानने जानेवारीत प्रशिक्षक फेरांदोंच्या जागी हबास आणले आणि लीग शिल्ड जिंकली. पण हबास तिथले जुने जाणकार, संघही तगडा! तुमचा संघ संधी निर्माण करतोय, फक्त गोल होत नाहीत? मग थांबा. खेळाडू सरावात प्रशिक्षकाला जुमानेनासे झाले असतील, तर मात्र बदला. पण नवा माणूस आधी ठरवून.