पावणेदहाचं ताट

थोरला चौथीत असताना शाळेतल्या आरोग्य तपासणीचा कागद दप्तराच्या तळाशी चुरगळलेला सापडला. उंची १३६ सेंटिमीटर, वजन ३६ किलो, पुढे लाल पेनाने गोल. सासूबाई म्हणाल्या, "बाळसं आहे गं, उंची वाढली की उतरेल." मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या पोळ्या तीनवरून दोनवर आणल्या. त्याला आता तीन वर्षं झाली. खाली लिहिलंय ते सगळं त्या तिसऱ्या पोळीपासून सुरू झालं.

१. मुलाला एकट्याला पथ्यावर ठेवू नये.

पोळी तोडली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात बुटांच्या खोक्यात वेफर्सची रिकामी पाकिटं निघाली. चार. मी ओरडले, तो रडला, आणि पुढची पाकिटं मला सापडलीच नाहीत. मग बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा वाढीचा तक्ता काढून टिंब दिलं. त्यावर दोन रेषा असतात. खालची ओलांडली की वजन जास्त, वरची ओलांडली की लठ्ठपणा. आमचं टिंब मध्ये होतं. "वजन उतरवायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "आहे तिथं थोपवा, उंची तिचं काम करेल. आणि पोळी परत द्या त्याला."

२. पदार्थाआधी घड्याळ बघावं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःलाच दिसलं, म्हणून त्याचा जरा अभिमान आहे. आम्ही डोंबिवलीत राहतो. नवरा सीएसएमटीहून लोकलने येतो, हातपाय धुऊन पानावर बसायला पावणेदहा. "बाबांबरोबर जेवू दे, तेवढीच भेट होते," हा घरचा नियम, आणि तो प्रेमाचाच होता. पण मुलं संध्याकाळी सहाला खेळून यायची. सहा ते पावणेदहा म्हणजे पावणेचार तास. त्यात बिस्किटं, फरसाण, मूठभर चिवडा, पुन्हा बिस्किटं, आणि शेवटी बाबांबरोबर पूर्ण जेवण. पोळ्या मोजत होते मी, आणि खरं जेवण डब्यांत उभ्या उभ्या चाललं होतं.

आता मुलं साडेसातला जेवतात. वरणभात, भाजी, पोळी, कधी थालीपीठ आणि दही. बाबा आले की दोघं त्याच्याजवळ बसतात, काकडीची फोड पळवतात, दिवसभराचं सांगतात. सासूबाईंना सुरुवातीला हे हॉटेलसारखं वाटलं, "ज्याचं त्याचं पान." पण पंधरवड्यात बिस्किटांची बरणी भरायची वेळच येईना, तेव्हा त्याच म्हणाल्या, "भूकच वेळेवर मारली गं."

३. दुधातली पावडर दुधाहून महाग असते आणि तिच्यात साखर असते.

उंची वाढेल म्हणून मीच आणत होते. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लावला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे साखर पहिल्या दोन-तीन नावांत आली की समजून जावं. त्यावर आम्ही वरून आणखी एक चमचा साखर घालत होतो! जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमीच ऊर्जा यावी, जमल्यास पाच. १६०० कॅलरी खाणाऱ्या मुलाला हे जास्तीत जास्त ४० ग्रॅम होतात, आठेक छोटे चमचे. दोन वेळचं दूध, जॅम लावलेली पोळी, सॉस आणि सहा बिस्किटं धरली तर आमचे आठ चमचे खेळायला जायच्या आधीच संपत होते. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात त्या शब्दाची व्याख्याच नाही. पावडर मी एकदम बंद केली नाही. महिनाभर चमचा अर्धा अर्धा करत गेले. शेवटी साधं दूध थोरल्याला चाललं. धाकटीला अजून नाही, ती वेलची मागते.

४. घरातल्या बारीक माणसाला सूट नाही.

धाकटी काडी आहे. सुरुवातीला तिला चॉकलेट आणि थोरल्याला काकडी, असं चाललं होतं. त्याने एकदा विचारलं, "ती चांगली आहे म्हणून तिला मिळतं का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवराही बारीकच, पट्ट्याशिवाय पँट राहत नाही. फरसाणाचा मोठा वाटा त्याचा. ऑफिसच्या तपासणीत त्याचं एचबीए१सी ६.१ निघालं, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तेव्हा कुणीतरी त्याला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो प्रसिद्ध फोटो दाखवला. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडे बारीक दिसणं आणि आत चरबी असणं एकत्र नांदतात. तेव्हापासून चौघांना आणि सासूबाईंना नियम एकच. फरसाण शनिवारी, वाटीत काढून, पाकिटातून नाही.

५. ‘गोलू’ म्हणणाऱ्या काकांना बाजूला घेऊन सांगावं. गणपतीतसुद्धा.

६. वडापावला शत्रू करू नये.

शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा २०२०चा नियम आहे. तो आमच्या फाटकापर्यंत अजून चालत आलेला नाही. मीही डोंबिवलीचीच, वडापाववर वाढले. बुधवारी दोघांना एकेक, माझ्याबरोबर, बसून. बुटांचं खोकं तेव्हापासून रिकामं आहे.

७. "पान स्वच्छ कर" याच्याआधी पानात कमी वाढावं.

अन्न टाकू नये हे मला पटतं, माझ्या आईने तेच शिकवलं. पण वाढणारे आपण, आग्रह करणारे आपण, आणि संपवायचं त्याने! आता भातवाढी मुलांच्या हातात. पहिल्यांदा लहान मूद, नंतर हवं तर पुन्हा. पहिले आठ दिवस थोरल्याने मुद्दाम तीन-तीनदा घेतलं, मी गप्प बसले, जीभ चावून. नंतर एकदा लग्नाच्या पंक्तीत जिलेबी आली, दोन खाल्ल्यावर त्याने पानावर आडवा हात धरला. वाढपी पुढे गेला. उरलेला आग्रह सासूबाईंनी करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मुलांनी टाकलेलं शेवटी माझ्या पोटात जातं, तो भाग वेगळा.

८. जेवताना टीव्ही बंद.

हा नियम दहा महिने उत्तम चालतो. मग आयपीएल सुरू होतं.