कुसळी : माळावरचे आर्द्रतामापक

पावसाळा सरल्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या मुरमाड टेकड्यांवरून चालून पाहा. कपड्यांना शेकडो कुसळे टोचून बसतील. ही कुसळी गवताची. त्याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. ‘कॉन्टॉर्टस’ म्हणजे पिळलेला. या पिळातच भौतिकशास्त्राचा एक सुंदर धडा आहे.

लागवड : कुसळी बहुवर्षायू आहे. उन्हाळ्यात ती वरून वाळते. ठोंब मात्र जिवंत राहतो व पावसाने पुन्हा फुटतो. पावसाळ्याच्या आरंभी एक ठोंब मुळांसकट खणा, त्याचे भाग करून ते शाळेच्या बागेत फूटभर अंतराने लावा. जागा उन्हाची व निचऱ्याची हवी. मुळे धरल्यावर फारशी निगा लागत नाही. फुलोऱ्यापूर्वी कापल्यास हा चांगला चारा आहे. पुढे मात्र पक्व कुसळे शेळ्यामेंढ्यांच्या तोंडात व कातडीत रुततात. म्हणून अर्धा वाफा वेळेवर कापून गुरांना घाला, अर्धा प्रयोगासाठी राखा.

प्रयोग : एक पक्व, वाळलेले कुसळ घ्या. दाण्याचे टोक मेणात उभे रोवा. कुसळाचा वरचा वाकडा भाग म्हणजे आपला काटा. पिळाच्या भागावर पाण्याचा थेंब लावा. पीळ सुटू लागतो व काटा गोल फिरतो. वाळताना तो उलट फिरतो. कुसळ डोळ्यांपासून दूर ठेवा.

असे का होते? कुसळातील पेशींच्या भित्तिकांत सेल्युलोजचे तंतू तिरकस गुंडाळलेले असतात. ओलाव्याने भित्तिका तंतूंच्या लांबीत फारशी वाढत नाही, आडवी मात्र फुगते. त्यामुळे पीळ उलगडतो. कुसळ मृत असले तरी हे घडते. रानात वरचा भाग गवतात अडकला, की काट्याऐवजी दाणाच फिरतो. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांनी तो गिरमिटासारखा मातीत शिरतो. टोकावरचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, विल्यम लॅम्बटन यांच्या सर्वेक्षणात म्हैसूरकडे काम करणाऱ्या हेन्री केटर यांनी याच गवताच्या कुसळापासून आर्द्रतामापक बनवला होता. गुरुत्वत्वरण मोजणारा केटरचा लंबक आपण महाविद्यालयात वापरतो, तो त्यांचाच.

तुम्हीही काट्याखाली अंश आखलेली पुठ्ठ्याची तबकडी बसवा. आठवडाभर सकाळ-दुपार काट्याची जागा टिपा आणि ओल्या-कोरड्या तापमापकांच्या वाचनांशी ताडून पाहा. काटा जास्त केव्हा फिरतो, पहाटे की दुपारी?