स्तनलघुकरण शस्त्रक्रियेनंतरची निराशा : धीर केव्हा धरावा, दाद केव्हा मागावी

स्तनांच्या अतिरिक्त भारामुळे मान, खांदे व पाठ यांचे दुखणे वर्षानुवर्षे सोसणाऱ्या स्त्रियांना स्तनलघुकरणाची शस्त्रक्रिया मोठा दिलासा देते. बहुसंख्य स्त्रियांना तिचे समाधान लाभते. तथापि पट्ट्या सुटल्यावर आरशात दिसणारी सूज, लाल वण व दोन्ही बाजूंतील फरक पाहून काहींचे मन खचते. त्यातच घरातून ‘हौसेपायी हे ओढवून घेतले’ असा बोल ऐकावा लागला, तर ती स्त्री मुकी होते. वास्तविक हे मौनच अधिक अपायकारक होय. अशा वेळी आपली तक्रार पुढीलपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे प्रथम ओळखावे.

तातडीची लक्षणे

ताप, पसरणारी लाली, पू, एकाच बाजूस अचानक वाढलेली सूज किंवा स्तनाग्र काळेनिळे पडणे, यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकांस गाठावे. पोटरी दुखून सुजणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे ही रक्तात गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जावे.

काळाने सुधारणाऱ्या गोष्टी

सूज पूर्णपणे उतरून आकार स्थिर होण्यास साधारणतः ६ महिने ते १ वर्ष लागते. वण फिके पडण्यास १ ते दीड वर्षाचा अवधी लागू शकतो. उभा व आडवा छेद जेथे मिळतात, तेथे जखम किंचित उकलणे हे पुष्कळदा घडते व नियमित मलमपट्टीने ती बहुधा भरून येते. तंबाखू व अनियंत्रित मधुमेह यांमुळे मात्र जखम भरण्यास विलंब होतो. जखमेवर घरगुती लेप लावू नयेत. ती पूर्ण भरल्यावर वैद्यकीय सल्ल्याने सिलिकॉनची पट्टी वापरता येते.

उरणारे व दुरुस्त होणारे दोष

वण फिका होतो, परंतु समूळ नाहीसा होत नाही. स्तनाग्राची संवेदना किंवा स्तनपानाची क्षमता काहींच्या बाबतीत कमी होते. किंचित असमानता तर निसर्गतःच असते. याउलट ठळक असमानता, टोकाशी राहिलेली त्वचेची घडी किंवा जाड वण यांवर उपाय होऊ शकतात. मात्र दुसरी शस्त्रक्रिया सहसा ६ ते १२ महिन्यांनंतरच विचारात घेतली जाते, कारण आकार स्थिर होण्यापूर्वी केलेली दुरुस्ती फसण्याचा संभव असतो. हाताला लागणारी गाठ चरबीची असू शकते, तरीही तपासणी केल्याविना तसे गृहीत धरू नये.

संवाद आणि हक्क

चिकित्सकांकडे जाताना तक्रारी कागदावर लिहून न्याव्यात व शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे पाहण्यास मागावीत. शंका न फिटल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घेण्यात संकोच नसावा. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत देणे चिकित्सकावर बंधनकारक आहे. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीची मुदत सामान्यतः २ वर्षे आहे. तथापि मनाजोगा परिणाम न मिळणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हा भेद ध्यानी ठेवावा.

मनाची जखम

झोप उडणे, रडू येणे, चारचौघांत जाणे टाळणे हे आठवड्यांमागून आठवडे चालू राहिल्यास मानसोपचाराचे साहाय्य घ्यावे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो. पती, सासू, भगिनी व सहकारी शिक्षिका यांनी दोष न देता तिचे म्हणणे ऐकून घेतले, तर औषधाइतकाच गुण येतो.

ही शस्त्रक्रिया वेदनामुक्तीसाठी स्वीकारलेला उपचार आहे. तिच्यानंतर आलेल्या निराशेबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही. जेथे काळ हाच उपाय आहे तेथे धीर धरावा आणि जेथे उपचार हवा तेथे निःसंकोचपणे बोलावे, यातच त्या स्त्रीचे हित आहे.