जुन्या चहाचं वय जिभेला विचार

ग्वांगझूला नोकरी लागली म्हणालास. कंपनी कुठली, पगार किती, ते तुझ्या आईने सांगितलंच. माझ्या डोक्यात मात्र पहिलं आलं ते तिथलं फांगत्सुन. चीनमधला चहाचा सगळ्यात मोठा घाऊक बाजार. दुकानांच्या रांगाच रांगा, आणि ज्या दुकानात शिरशील तिथे तुला बसवून घेतील, एकामागून एक इवले पेले भरत राहतील आणि तासाभरात ‘वीस वर्षं मुरलेली’ पु-अर चहाची ढेप तुझ्या गळ्यात मारतील. तू वडिलांसारखाच भिडस्त. फुकट प्यायलो, आता काहीतरी घ्यायलाच हवं, असं वाटून पाकीट काढशील. म्हणून जायच्या आधी हे ऐकून ठेव. काकांच्या नोकरीपायी आम्ही हाँगकाँगला होतो, तेव्हा शेउंग वानमधल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला जे शिकवलं, त्यातलं कामाचं तेवढं सांगते.

दुकानात ‘कुठल्या सालचा चहा?’ असं कधी विचारू नकोस. तो प्रश्न नवख्याचा. साल छापायला कागद लागतो, आणि कागद स्वस्त आहे. तू विचार, ‘हा होता कुठे?’ हाँगकाँगला मुरलेला, ग्वांगडोंगमध्ये, तैवानला, मलेशियात, की कुनमिंगमध्ये? एवढं विचारलंस की दुकानदार एकदा नीट तुझ्याकडे बघेल आणि पुढचा चहा जरा बरा काढेल.

याचं कारण असं. चहा मुरतो तो हवेतल्या ओलाव्यावर आणि उष्णतेवर. कुनमिंग उंचावर, हवा कोरडी आणि थंड. तिथे ठेवलेली ढेप पंधरा वर्षांनीही बऱ्यापैकी हिरवट, तिखट राहते. तीच ढेप हाँगकाँगच्या दमट गोदामात ठेवली तर तेवढ्या काळात गडद, गोडसर, शांत होऊन बसते. तेव्हा नुसत्या वर्षांना काही अर्थ नाही. हाँगकाँगचे जुने व्यापारी चहा आधी दमट तळघरात ठेवायचे, मग कोरड्या जागी हलवून त्याचा वास जाऊ द्यायचे. हे कसब होतं. पण त्याच ओलाव्याचा अतिरेक करून पाच वर्षांचा चहा तीस वर्षांचा म्हणून विकणारेही आहेत. त्यांचा माल ओळखायची खूण पुढे सांगते.

आता थोडी मूळ माहिती, म्हणजे बोलताना अडखळणार नाहीस. पु-अर हा युन्नान प्रांताचा चहा. मोठ्या पानांचं झाड, आसामच्या चहाच्याच जातीतलं. पानं खुडून कढईत परततात, चुरगाळतात आणि उन्हात वाळवतात. मग वाफ देऊन, दगडाखाली दाबून ढेप करतात. नेहमीची ढेप ३५७ ग्रॅमची. अशा सात ढेपा बांबूच्या वाळक्या आवरणात बांधल्या की अडीच किलोचा एक गठ्ठा. २००८ पासून चीनच्या नियमाने युन्नानच्या ठरावीक भागातल्या, मोठ्या पानांच्या, उन्हात वाळवलेल्या चहालाच पु-अर म्हणता येतं. पु-अर नावाचं शहर नकाशावर सापडेल, पण त्या शहराला सिमाओ म्हणायचे. चहाचं नाव गाजलं म्हणून २००७ मध्ये शहराचं नाव बदललं. खरा माल येतो तो मोठ्या प्रमाणात आणखी दक्षिणेकडून, शिश्वांगबान्नातल्या मंगहाय आणि यीवूच्या डोंगरांतून.

यात दोन प्रकार, आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नकोस. एक कच्चा, म्हणजे वर सांगितलं तसा दाबून ठेवलेला, आपल्या चालीने वर्षानुवर्षं मुरणारा. दुसरा पिकवलेला. हाँगकाँगच्या गिऱ्हाइकांना मुरलेला, गडद चहा हवा होता आणि तेवढी वाट बघायला कोणी तयार नव्हतं. म्हणून १९७३ मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात ढीग लावून पिकवायची रीत बसवली. चहाचा मोठा ढीग लावायचा, पाणी शिंपायचं, झाकायचं. आत बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात, ढीग चांगलाच तापतो, मग तो वरखाली करायचा. दीड-दोन महिन्यांत चहा तयार. खोट्या दुकानात पिकवलेला चहा ‘जुना कच्चा’ म्हणून खपवतात. पेल्यातल्या रंगाने फसशील, दोन्ही गडद. भिजलेलं पान मात्र बोलतं, तेही पुढे सांगते.

वेष्टनावरचे आकडे बघून हुरळू नकोस. ७५४२ असं लिहिलेलं दिसेल. पुष्कळांना वाटतं १९७५ सालची ढेप. ती तशी नसते. ७५ म्हणजे ती कृती ठरली ते साल, ४ ही पानाची प्रत, आणि २ हा मंगहाय कारखान्याचा क्रमांक. परवा दाबलेल्या ढेपेवरही ७५४२ असतं. शेवटी ३ दिसला तर माल श्यागुआनचा, १ दिसला तर कुनमिंगचा. वेष्टनाचा कागद बदलता येतो, पण ढेपेच्या पानांतच दाबलेली एक छोटी चिठ्ठी असते. ती ढेप न मोडता नवी घालता येत नाही. तेवढी बघून घे. ‘लाओ बानचांग गावचा’, ‘शेकडो वर्षं जुन्या झाडांचा’ हे बोल ऐकलेस की पेला खाली ठेव. त्या एका गावात जेवढा चहा होतो त्याच्या कितीतरी पट त्याच्या नावाने विकला जातो.

आता हातात घेऊन बघ. कोरडी ढेप नाकाशी धर, तोंडाने गरम श्वास सोड आणि लगेच हुंग. चांगल्या मुरलेल्या चहाला कापराचा, जुन्या लाकडाचा, खारकेचा वास येतो. गोदामाचा थोडा दमट वास चालेल, तो हवेवर जातो. पण कुबट, आंबट, मासळीसारखा वास आला तर उठ. नव्याने पिकवलेल्या चहाला ढिगाचा असा वास असतो, तो वर्ष-दोन वर्षं उघडा राहिला की जातो. पण विकत घेऊन तो घालवायची जबाबदारी तुझी कशाला?

ढेप फोडायला सुरी नको. चांभाराच्या दाभणासारखी एक सळई मिळते, ती घे. कडेकडून, थराला समांतर घाल, हळूच दाब आणि वर उचल. पान पापुद्र्याने सुटलं पाहिजे. वरून खुपसून चुरा केलास तर तो चुरा पहिल्याच पाण्यात सगळा कडवटपणा सोडेल आणि मग म्हणशील चहा वाईट. सळईसमोर आपला दुसरा हात कधी ठेवू नकोस, श्यागुआनच्या लोखंडी दाबाच्या ढेपा अशा घट्ट असतात की सळई सटकतेच. फोडलेला चहा लगेच पिऊ नकोस. मातीच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत सैल भरून दोन-तीन आठवडे ठेव. लोणचं घातल्या दिवशी वाढत नाहीत, तसं समज.

भांडं म्हणशील तर सुरुवातीला पांढरी झाकणवाली वाटी, जिला ते गायवान म्हणतात, शंभर-सव्वाशे मिलिलिटरची. यीशिंगच्या जांभळट मातीच्या किटल्या सुंदर असतात, पण माती चहा शोषते आणि चहातली खोटही थोडी झाकते. चिनी माती काही लपवत नाही. शिकणाऱ्याला तीच हवी. शिवाय चांगल्या किटलीच्या नावावर होणारी फसवणूक हा वेगळाच विषय आहे, तो तुझ्या काकांना विचार.

माप: सहा-सात ग्रॅम चहा. छोटा काटा घेऊन टाक, अंदाजपंचे नको. पाणी सळसळून उकळलेलं. हिरव्या चहासारखं थंड करून घालायचं नाही. कोवळा, चार-पाच वर्षांचा कच्चा चहा फार टोचत असेल तर पाणी जरासं उतरू दे, बाकी मुरलेल्याला उकळतंच. पहिलं पाणी घाल आणि लगेच ओतून टाक. धूळ जाते, दाबलेली पानं सैल होतात. पिकवलेल्याला आणि फार जुन्याला हे दोनदा कर. हे पाणी ओतल्यावर झाकण उचलून आतली बाजू हुंग. खरा वास तिथेच बसलेला असतो, पेल्यात येईपर्यंत अर्धा उडून जातो. तो म्हातारा दुकानदार आधी झाकण हुंगायचा, आणि कित्येकदा चहा न चाखताच मान हलवून बाजूला सारायचा.

मग दुसरं पाणी, पाच ते दहा सेकंद, ओतून घे. पूर्ण ओत, थेंबभरही मागे ठेवू नकोस, नाहीतर पुढचा पेला कडू. नंतर दर वेळी थोडा थोडा वेळ वाढव. चांगला चहा दहा-बारा पाणी सहज देतो. शेवटी पानं दमली की छोट्या पातेल्यात घालून मंद आचेवर उकळ. हा शेवटचा काढा मला तर सगळ्यात आवडतो. दूध-साखर मात्र नको रे. तिबेटी लोक विटेच्या चहात लोणी-मीठ घालून घुसळतात, ती त्यांची वेगळी रीत, थंडीची. आपल्या आल्याच्या चहासारखा हा उकळत बसलास तर तोंडाचं काहीच राहणार नाही.

पिताना आवाज करून ओढ. लाज वाटू देऊ नकोस, तिथे कोणी काही म्हणत नाही. कडूपणाला घाबरू नकोस, तो किती वेळ राहतो ते बघ. चांगल्या कच्च्या चहाचा कडूपणा येतो आणि विरतो, आणि घशातून मागे गोडवा चढतो. पेला ठेवून मिनिटभर काही खाऊ-बोलू नकोस, तो गोडवा येतो का बघ. जिभेला चिकटून बसलेला, तोंड कोरडं करणारा कडूपणा वेगळा. तो मुरल्यानेही जाईलच असं नाही. पिकवलेल्यात कडूपणा जवळजवळ नसतोच. तिथे दाटपणा, गुळगुळीतपणा, हलका गोडवा शोध. पेल्यातला रंग कितीही गडद असो, उजेडात धरल्यावर चहा नितळ दिसायला हवा. गढूळ असला तर काहीतरी बिनसलंय.

आणि शेवटी भिजलेली पानं वाटीतून ताटलीत काढून पसर. ही खूण सांगते म्हटलं होतं ती. नीट मुरलेल्या कच्च्या चहाचं पान तांबूस-तपकिरी असतं, बोटात धरून उलगडलं की उलगडतं, ओढलं तर थोडं ताणलं जातं. पिकवलेल्याचं पान एकसारखं काळपट. आणि ओलाव्यात घाईघाईने काळं केलेल्या चहाचं पान कडक, जळकट, उलगडायला गेलं की तुकडे पडतात, आणि पेल्यात रंग भरपूर पण घोट पोकळ. दुकानदार पानं बघू देत नसेल तर पैसे देऊ नकोस. दुकानं खूप आहेत.

बुरशीबद्दल तुझी आई हमखास विचारेल. हुनानच्या फू नावाच्या विटेच्या चहात पिवळे सोनेरी ठिपके मुद्दाम वाढवलेले असतात, ते तिथलं भूषण. पु-अरवर मात्र हिरवी, काळी, पिवळी केसाळ बुरशी दिसली तर टाकून दे, पुसून पिऊ नकोस. चरबी वितळते वगैरे ऐकशील, तो विक्रीचा भाग. कॅफिन याच्यात चांगलंच असतं. कच्चा चहा उपाशीपोटी नको, रात्री उशिरा तर नकोच.

इकडे आणलास तर मुंबईच्या पावसाळ्याचं बघ. जून ते सप्टेंबर ढेप उघड्यावर ठेवलीस तर हमखास बुरशी. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा मातीच्या बरणीत, भिंतीपासून लांब, दर आठवड्याला हात लावून बघ. पुण्यात जरा निवांत. पण कुठेही स्वयंपाकघरात नको, देवघराशेजारी उदबत्तीच्या धुरात नको, आणि डांबरगोळ्यांच्या कपाटात तर मुळीच नको. चहा सगळे वास ओढून घेतो. फ्रीजमध्येही घालू नकोस.

काय घ्यायचं म्हणशील, तर पहिल्या वर्षी पिकवलेला, तीन-चार वर्षं उघडा राहिलेला, मंगहायचा साधा. पूर्ण ढेप न घेता शंभर ग्रॅम मागून घे, देतात. घरी जाऊन आपल्या पाण्यात, आपल्या वाटीत करून बघ. दुकानातलं पाणी आणि दुकानदाराचा हात दोन्ही चहाला मदत करतात. भाव बघून थक्क होऊ नकोस. २००७ मध्ये हेच भाव असे फुगले होते, मग कोसळले आणि घरोघरी ढेपांचे ढीग तसेच पडून राहिले. गुंतवणूक म्हणून कोणी विकायला लागलं तर सरळ उठून ये. आणि पेला भरला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक कर. ग्वांगडोंगमध्ये आभार मानायची तीच पद्धत. फुकट प्यायलेल्या चहाची तेवढीच परतफेड पुरते.

माझ्यासाठी काही आणायचंच असेल तर पु-अर नको. शेजारच्या ग्वांगशीतला लिऊ पाओ आण. मलायातल्या कथिलाच्या खाणींत राबणारे चिनी मजूर हाच चहा प्यायचे. चांगल्या जुन्या लिऊ पाओला सुपारीचा वास येतो, आणि तो वास मला अजून इथे कुठे मिळालेला नाही. टोपलीत मुरलेला, सुटा, पाव किलो पुरे. घेण्याआधी झाकण हुंग, आणि सुपारी आली नाही तर रिकाम्या हाताने ये.